परगण्याचे दप्तर आणि न्यायाची सभा

भेस्तान हे गाव ज्या तालुक्यात मोडते त्याचे नाव चोर्यासी. मराठीत आपण त्यास चौऱ्याऐंशी म्हणू आणि संस्कृतात चतुरशीति. चौऱ्याऐंशी गावांचा समूह करून त्याचा एक विभाग मानावयाचा, ही आपल्याकडची फार जुनी पद्धत होय. सुरत शहराभोवतीच्या परगण्यास हे नाव पडले आणि राज्यामागून राज्ये गेली तरी ते टिकून राहिले. आता ह्या नावाचा थोडा विचार केला पाहिजे. गावे चौऱ्याऐंशी आहेत हे सांगण्यापूर्वी ती कोणीतरी मोजलेली असली पाहिजेत. कोणत्या गावाची शीव कोठवर, जमीन किती, सारा किती, देवस्थानाकडे काय, ब्राह्मणाकडे काय, हे कोणीतरी लिहून ठेवलेले असले पाहिजे. बखरींतून राजे व सेनापती यांची नावे आढळतात; परंतु ज्याच्या लेखणीवर परगणा उभा होता त्या पुरुषाचे स्मरण सहसा कोणी करीत नाही. महाराष्ट्रात त्यास देशपांडे अथवा देशकुलकर्णी म्हणत, आणि गुजरातेत मजमुदार. प्रस्तुत लेखात ह्या अधिकाराचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा आहे. हा ग्रंथ मराठी व गुजराती ह्या दोन्ही भाषांच्या भक्तमंडळींसाठी निघत असल्याने, दोन्ही प्रांतांना समाईक असलेला हा विषय येथे अप्रस्तुत वाटणार नाही.

प्रथम एका परदेशी अधिकाराकडे पाहू, म्हणजे आपल्याकडील व्यवस्थेचे वैशिष्ट्य नीट ध्यानी येईल. इंग्लंडात जिल्ह्यास काउंटी म्हणतात. तेथे १३६१ च्या कायद्यापासून स्थानिक प्रतिष्ठित गृहस्थांना शांतता राखण्याचे व लहानमोठे खटले चालविण्याचे अधिकार मिळाले. ह्या न्यायाधिकाऱ्यांपैकी जो अग्रणी, त्याच्याकडे काउंटीच्या न्यायसभेची सर्व कागदपत्रे असत. त्यास लॅटिन भाषेत ‘कस्टोस रोट्युलोरम’ म्हणजे गुंडाळ्यांचा राखणदार असे म्हणत. कारण त्या काळी तिकडील नोंदी चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर लिहिलेल्या असत. पुढे आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५४५ साली, ही नेमणूक राजाच्या स्वाक्षरीने व्हावी असा कायदा झाला. हळूहळू हे पद काउंटीतील राजप्रतिनिधीच्याच ठिकाणी एकवटले. प्रत्यक्ष कागद लिहिण्याचे व सांभाळण्याचे काम त्याने नेमलेला कारकून करी. मान, मुद्रा आणि न्यायासन मात्र ह्या थोर गृहस्थाचे. ज्या त्रैमासिक न्यायसभांसाठी हे पद निर्माण झाले त्या १९७२ च्या आरंभी बंद झाल्या. आज पद उरले आहे ते मानापुरते. ह्या व्यवस्थेतील ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, ज्याच्या हाती कागद त्याच्याच हाती न्याय, असे तेथे तत्त्वतः मानलेले होते.

आपल्या शास्त्रकारांनी ह्या बाबतीत काय म्हटले आहे? याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात प्रमाणे तीन सांगितली आहेत : लेख, भोग आणि साक्षीदार. म्हणजे कागद काय म्हणतो, वस्तूचा उपभोग कोण घेत आला, आणि जाणते लोक काय सांगतात. ह्या तिन्हींचा अभाव असेल तरच दिव्याचा मार्ग. विष्णुस्मृतीने लेखाचे तीन प्रकार केले आहेत. त्यांपैकी श्रेष्ठ प्रकार तो राजसाक्षिक, आणि त्याचे लक्षण फार सूचक आहे. राजाच्या अधिकरणात, तेथे नेमलेल्या कायस्थाने लिहिलेला, आणि त्या अधिकरणाच्या अध्यक्षाने आपल्या हाताची खूण केलेला तो लेख राजसाक्षिक होय. येथे कायस्थ हा शब्द जातिवाचक नसून लेखनाधिकाऱ्याचा वाचक आहे. लिहिणारा एक आणि खूण करणारा दुसरा, ही योजना सहज झालेली नाही. ज्याच्या हाती लेखणी आहे त्याच्या सामर्थ्याची शास्त्रकारांना पुरती कल्पना होती. म्हणूनच प्रजेचे रक्षण कोणाकोणापासून करावे हे सांगताना याज्ञवल्क्याने चोर व दुर्जन यांच्या मालिकेत लेखनाधिकाऱ्यांचाही उल्लेख केला, आणि तो विशेष म्हणून केला.

शूद्रकाच्या मृच्छकटिकाचा नववा अंक आमच्या पाठशाळेत शिकविला जातो. न्यायसभेचे इतके जिवंत चित्र संस्कृत वाङ्मयात दुसरे क्वचितच असेल. अधिकरणिक म्हणजे न्यायाधीश, त्याच्या शेजारी श्रेष्ठी आणि कायस्थ, अशी तिघांची सभा बसली आहे. राजाचा मेहुणा शकार फिर्याद घेऊन येतो. वसंतसेनेचा खून झाला हे सांगताना त्याच्या तोंडून नकळत असे शब्द निघतात की, हे कृत्य आपण केले नाही. कोणी विचारलेले नसताना केलेला हा इन्कार न्यायाधीश चटकन टिपून घ्यावयास सांगतो, आणि कायस्थ तो लिहून घेतो. आपली चूक शकाराच्या ध्यानी येते, आणि तो काय करतो? तो ते लिहिलेले अक्षर पायाने पुसून टाकतो. त्यास कोणी अडवीत नाही. कारण तो राजाचा मेहुणा. पुढे निरपराध चारुदत्तावर वधाची शिक्षा ओढवते. विद्यार्थी येथे बहुधा हसतात, आणि मग गप्प होतात. सभेत नोंद होती, लिहिणारा होता, न्यायाधीश होता; पण पुसणाऱ्याचा पाय धरील असा चौथा कोणी नव्हता. दप्तराच्या इतिहासातील मुख्य प्रश्न हाच आहे.

सुरतेचा हा प्रदेश पूर्वी लाट देश म्हणून ओळखला जाई. येथील नवसारीस चालुक्य पुलकेशी अवनिजनाश्रय याचा आठव्या शतकातील ताम्रपट सापडला आहे. अशा ताम्रपटांतून दान दिल्याची आज्ञा राष्ट्रपति, विषयपति, ग्रामकूट, महत्तर इत्यादींना उद्देशून केलेली असते. दान गुप्तपणे द्यावयाचे नाही, ते सर्व संबंधितांना कळवावयाचे, असा त्याचा अर्थ. वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांवर लेखक म्हणून ‘दिविरपति’ अशी पदवी आढळते. दिविर हा शब्द फारसी ‘दबीर’ ह्या शब्दाशी एकरूप आहे. तोच दबीर पुढे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सुमंत ह्या संस्कृत नावाने येतो. एक शब्द इराणातून सौराष्ट्रात यावा, संस्कृत ताम्रपटांत रुळावा, आणि हजार वर्षांनी सह्याद्रीवर त्यास पुन्हा संस्कृत नाव मिळावे, हा शब्दप्रवास मोठा मनोरंजक आहे. गुजरातेत दस्तऐवज कसे लिहावेत ह्याचे नमुने देणारा ‘लेखपद्धति’ नामक संस्कृत ग्रंथ प्रसिद्धच आहे. तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत १९२५ साली छापला गेला. गहाणखत, विक्रीपत्र, राजाज्ञा, गावचा करार, सर्वांचे नमुने त्यात आहेत. तेव्हा लेखाची परंपरा आपल्याकडे परकीय अमलानंतर आली, हा समज बरोबर नाही.

मुसलमानी अमलात ह्या परंपरेस नवी नावे मिळाली. परगण्याचा कारभार दोन वंशपरंपरागत अधिकाऱ्यांत वाटलेला असे. महाराष्ट्रात देशमुख हा परगण्याचा प्रमुख. लागवड वाढविणे, वसूल करविणे, लोकांच्या वतीने सरकारशी बोलणे ही त्याची कामे. देशपांडे हा त्याचा जोडीदार. हिशेब आणि नोंदी त्याच्या स्वाधीन. गावपातळीवर हेच नाते पाटील आणि कुलकर्णी यांचे. कर्नाटकाच्या बाजूस नाडगौडा आणि नाडकर्णी अशी जोडी आढळते. कर्णी हा शब्द संस्कृत ‘करणिक’ म्हणजे लेखाधिकारी ह्याच्याशी निगडित आहे. गुजरातेत देशमुखाच्या जागी देसाई आणि देशपांड्याच्या जागी मजमुदार. गावात पटेल आणि तलाटी. मजमुदार म्हणजे जमेचा हिशेब एकत्र ठेवणारा. हाच शब्द महाराष्ट्रात मुजुमदार झाला आणि १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अमात्य ह्या नावाने प्रधानमंडळात प्रतिष्ठित झाला. ज्या मराठी भक्ताचे आडनाव देशपांडे असेल आणि ज्या गुजराती भक्ताचे मजमुदार असेल, त्या दोघांच्या पूर्वजांची लेखणी एकाच कामाची होती, हे दोघांनीही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

देशपांड्याचे काम नेमके कोणते होते? परगण्यातील प्रत्येक गावची जमीन, तिची प्रत, तिजवरील आकार, पडीत व लागवड, इनामे व त्यांच्या सनदा, वतनदारांचे हक्क, देवस्थानांच्या नेमणुका, ह्या सर्वांची नोंद त्याच्या दप्तरी असे. कुलकर्ण्यांनी लिहिलेले गावोगावचे हिशेब त्याच्याकडे एकवटत. नवी सनद झाली की तिची प्रत त्याच्या दप्तरी उतरवून घेतली जाई आणि मूळ सनद धन्याच्या हाती परत जाई. हे कागद मोडी लिपीत लिहिलेले असत आणि कापडाच्या रुमालात बांधून ठेवलेले असत; अद्यापही जुन्या दप्तरांची मोजणी रुमालांवरच होते. ह्या सेवेबद्दल त्यास इनाम जमीन, वसुलातील ठराविक हक्क आणि मानपान मिळे. सरकारे बदलली, निजामशाही गेली, मोगल आले, मराठे आले; परंतु परगण्याची माहिती ज्याच्या घरी होती त्यास कोणत्याही सरकारास सहजी हलविता आले नाही.

आता न्यायाकडे वळू. वतनाचा, शिवेचा, वाटणीचा तंटा उत्पन्न झाला म्हणजे मजालस भरे. तीत दोन अंगे असत : एक दिवाण, म्हणजे सरकारी अधिकारी, आणि दुसरे गोत, म्हणजे देशमुख, देशपांडे, आसपासचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बारा बलुतेदार. अग्रवादी व पश्चिमवादी ह्या दोघांकडून आधी राजीनामा लिहून घेत. म्हणजे सभा जो निर्णय देईल तो आम्हांस मान्य, अशी कबुली. आज राजीनामा म्हणजे पदत्याग. त्या काळी त्याचा अर्थ मान्यता असा होता. मग दोघांच्या तकरिरी, मग साक्षी, मग कागद. येथे देशपांड्याचे दप्तर उघडले जाई. अमक्या शकात अमक्याच्या आज्याच्या नावे पाटीलकी चालत होती की नाही, हे दप्तर सांगे. निर्णय झाला की महजर लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेल्या सर्वांच्या निशाण्या होत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी, लेखणी चालविणाऱ्या वतनदाराची दौत व लेखणी, अशी चित्रे आजही जुन्या महजरांवर पाहावयास मिळतात. ज्यास अक्षर येत नव्हते त्याचीही खूण न्यायाच्या कागदावर होती. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई. लेख, भोग आणि साक्षी ह्या तिन्हींनी निर्णय होईना तेव्हाच तापल्या तेलातून रवा काढण्यासारख्या दिव्याचा अवलंब होई. हा क्रम याज्ञवल्क्याचाच आहे.

येथे इंग्लंडच्या व्यवस्थेशी असलेला भेद स्पष्ट होतो. देशपांडे सभेत बसे, त्याच्या कागदावाचून सभेचे पाऊल पुढे पडत नसे. परंतु निर्णय त्याचा एकट्याचा नव्हता. तो लेखणीचा धनी होता, न्यायासनाचा नव्हे. लिहिणारा एक, शिक्का करणारा दुसरा आणि ऐकणारे अनेक, अशी ही त्रिविध रचना होती. आणि जो कागद सर्व गोतासमोर वाचून त्यावर पन्नास जणांच्या निशाण्या झाल्या, तो एखाद्या शकारास पायाने पुसणे तितके सोपे नव्हते. कारण त्यातील मजकूर पन्नास जणांच्या स्मरणातही उतरलेला असे.

तथापि ह्या वतनदारांची केवळ स्तुती करणे सत्यास धरून होणार नाही. मनुष्य आहे तेथे लोभ आहे. देशमुख व देशपांडे एक झाले म्हणजे रयतेचा वाली कोणी उरत नसे. गढ्या बांधून, माणसे बाळगून, सरकारास न जुमानता वसूल खाणारे वतनदार पुष्कळ होते. शिवछत्रपतींनी त्यांच्या वाड्यांचे बुरूज पाडविले आणि त्यांचे हक्क नेमून दिले, असे सभासदाच्या बखरीत सांगितले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांवर स्वतंत्र प्रकरणच आहे. हे लोक म्हणजे राज्याचे लहान लहान भागीदारच होत, त्यांस दुखवूही नये आणि मोकळेही सोडू नये, प्रीती आणि दंड ह्या दोहोंमध्ये ठेवावे, असा त्याचा आशय आहे. पिढ्यान्पिढ्या दप्तर एकाच घरी राहिले की त्यात खोटा कागद घुसविण्याचा मोहही होई, आणि भाऊबंदकीत दप्तरच फाटून दोन घरी जाई. वतनाच्या तंट्यांत बनावट कागदाचा आरोप वारंवार आढळतो, तो उगीच नव्हे.

पेशवाईत ह्यावर एक उपाय योजिला गेला. परगण्याचा वसूल वतनदारांऐवजी मामलेदार व कमाविसदार ह्या नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे आला; परंतु वतनदाराचे दप्तर बंद केले नाही. एल्फिन्स्टन ह्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ साली जे निवेदन लिहिले त्यात ही गोष्ट स्पष्ट नमूद आहे. परगण्याचे हे वतनदार प्रत्यक्ष कारभारातून बाजूस झाल्यावरही मामलेदारावर अंकुश म्हणून त्यांचा उपयोग होत असे, आणि त्यांच्याकडील हिशेबाशी ताळा पडल्याखेरीज मामलेदाराचा हिशेब पास होत नसे, असे तो सांगतो. जिंकणाऱ्याने जिंकलेल्याच्या व्यवस्थेला दिलेली ही साक्ष असल्याने तिचे मोल अधिक. पुण्यास हुजूर दप्तरात नाना फडणीस यांच्या देखरेखीखाली हेच तत्त्व वरच्या पातळीवर चाले, आणि न्यायासनावर रामशास्त्री प्रभुणे होते. दप्तर फडणिसांकडे आणि न्याय शास्त्रीबोवांकडे. ही विभागणीही त्याच जातीची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही शिस्त ढिली पडली, आणि राज्यही फार दिवस राहिले नाही.

सुरतेकडे ह्या गोष्टीस आणखी एक वळण मिळाले. अकबराने १५७३ साली गुजरात जिंकल्यावर तोडरमल्ल येथील जमाबंदीसाठी आला, आणि ऐन-इ-अकबरीत सुरत सरकारातील महालांची यादीच दिलेली आहे. पुढे मराठ्यांचा अंमल आला तो चौथाईच्या रूपाने. पेशवे व गायकवाड ह्या दोघांचेही सुरतेच्या उत्पन्नात भाग होते आणि ते वसूल करणारे त्यांचे अधिकारी येथे राहत. एकाच उत्पन्नात नबाब, पेशवे, गायकवाड आणि १७५९ पासून किल्ला हाती असलेली इंग्रज कंपनी असे चार भागीदार! अशा स्थितीत मूळ जमा किती, हे सांगणारा कागद नसता तर दररोज तलवारच उपसावी लागली असती. भेस्तानपुढचे रेल्वे स्थानक सचिन. ते संस्थान १७९१ साली कसे निर्माण झाले हे पाहण्यासारखे आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बालूमियाँ ह्याने आपला जंजिऱ्यावरील हक्क पेशव्यांस द्यावा आणि त्याच्या बदल्यात सुरतेजवळची ठराविक उत्पन्नाची गावे घ्यावी, असा करार झाला. कोकणातील एका जलदुर्गावरील हक्काचे मोल येथील गावांच्या जमेत मोजले गेले. आणि ती जमा मोजणारी लेखणी देसाई-मजमुदारांच्या परंपरेतली होती. ते सचिन संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले.

१८०० साली सुरतेच्या नबाबाशी तह होऊन शहराचा कारभार कंपनीकडे गेला, आणि १८०२ अखेरच्या वसईच्या तहाने पेशव्यांनी सुरतेवरील आपले हक्क सोडले. इंग्रजांनी आरंभी देसाई-मजमुदारांकडूनच माहिती घेतली. परंतु नव्या सरकारास हे मध्यस्थ नकोसे झाले. १८१४ च्या सुमारास गुजरातेतील जिल्ह्यांत सरकारी पगाराचे तलाटी नेमण्यास प्रारंभ झाला. ह्यात काही चांगलेही झाले, हे मान्य केले पाहिजे. काही देसायांनी इजाऱ्याच्या जोरावर गावेच्या गावे दाबली होती. त्यांच्या तावडीतून रयत सुटली. पण त्याबरोबर परगण्याचे दुसरे दप्तर निकामी झाले. सरकारी कागदास ताळा लावणारा कागद उरला नाही. शिवाय कलेक्टर हाच जिल्ह्याचा वसुली अधिकारी, तोच दप्तराचा धनी आणि तोच मुख्य मॅजिस्ट्रेट झाला. जे अधिकार आपल्याकडील जुन्या व्यवस्थेत निरनिराळ्या हातांत होते ते एका पदाखाली आले.

ह्याचा परिणाम मठ-मंदिरांस प्रत्यक्ष भोगावा लागला, म्हणून भक्तमंडळींनी तो समजून घेतला पाहिजे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले. महाराष्ट्रातील हजारो इनामदारांस, तुमची जमीन कोणत्या सनदेने चालते ते दाखवा, असे विचारण्यात आले. पिढ्यान्पिढ्यांचा भोग होता, साऱ्या गावास ठाऊक होते. पण सनद कोठे? कोणाची जळालेली, कोणाची वाळवीने खाल्लेली, कोणाची भाऊबंदाने लपविलेली. लेख, भोग आणि साक्षी ह्या तीन प्रमाणांपैकी लेखासच सर्व भार दिला गेला, आणि लेख ग्राह्य की अग्राह्य हे ठरविणारा अधिकारी सरकारचाच होता. अनेकांची इनामे गेली. देवस्थानांच्या इनामांना त्या कायद्यात तुलनेने सवलत होती. तरीही हक्क शाबीत करावा लागेच. ज्या संस्थांनी सनदांच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवल्या होत्या, किंवा ज्यांची नोंद देशपांड्याच्या व कुलकर्ण्याच्या दप्तरी जुळत होती, त्यांचे काम सोपे झाले. १८५७ च्या असंतोषामागील कारणांत ह्या कमिशनाची गणना इतिहासकार करतात, हे येथे लक्षात ठेवावे.

पुढे १८६० नंतरच्या वर्षांत देशमुख, देशपांडे, देसाई, मजमुदार यांची प्रत्यक्ष सेवा माफ करून त्यांच्या हक्कांचा पैशात ठराव करण्यात आला. सेवा गेली, मान राहिला. १८७४ च्या वतन कायद्याने उरल्यासुरल्याची चौकट बांधली. आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्याचा कायदा केला, तो १ मे १९५१ पासून अमलात आला. सुरत जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यातच असल्याने महाराष्ट्रातील देशपांडे आणि येथील मजमुदार एकाच कायद्याने वतनमुक्त झाले. जन्माने मिळणारा अधिकार लोकशाहीत राहणे योग्य नव्हते. ह्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही.

मात्र त्यांचे कागद गेले नाहीत, ही इतिहासाची कृपा. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून वतनदारांच्या घरचे रुमाल उलगडले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. वा. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचा आधार हे महजरच होत. ज्या दप्तरांनी एके काळी शिवेचे तंटे तोडले त्यांच्यावरच आज आपल्या इतिहासाची शीव ठरते.

आता जुन्या व्यवस्थेतील तत्त्व आज कोठे आहे ते पाहू. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत सुरू झाली. महाराष्ट्रात व गुजरातेत आपण ज्यास सात-बारा म्हणतो त्याचे मूळ येथे आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठ्याने नोंद धरावी, संबंधितांस नोटीस द्यावी, हरकतीस मुदत ठेवावी, आणि मग वरच्या अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करावी, असा क्रम आहे. लिहिणारा एक, खूण करणारा दुसरा, आणि ऐकून हरकत घेणारे इतर! विष्णुस्मृतीतील कायस्थ आणि अध्यक्ष, मजालशीतील देशपांडे आणि गोत, यांचीच छाया ह्या रुक्ष नियमांत आहे. गुजरातेत २००४ पासून ह्या नोंदी संगणकावर गेल्या. अक्षर बदलले, लिपी बदलली, रुमाल गेला. तत्त्व तेच आहे. पण ऐकणाऱ्यांनी ऐकलेच नाही तर ते तत्त्व निर्जीव होते. नोटीस येऊन पडली आणि ती कोणी वाचली नाही, तर गोत जागेवर नसताना महजर झाल्यासारखे होते.

भेस्तान, उधना, पांडेसरा ह्या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. उधना-जळगाव लोहमार्गाने ती आली, यंत्रमागांवर व रंगाईच्या कारखान्यांत राबली, आणि येथलीच झाली. त्यांपैकी अनेकांची वाडवडिलांची थोडीफार जमीन मागे गावी आहे. वडील वारले, वारसाची नोंद राहून गेली. भावाने आपलेच नाव लावले. बहिणीचे नाव उतारावर आलेच नाही. अशी प्रकरणे मठात येणाऱ्या मंडळींच्या तोंडून ऐकू येतात. व्यवहाराध्याय त्यांना सांगतो की दीर्घ भोगही एक प्रमाण आहे. पण परगावी राहणाऱ्याकडे भोग नसतो, आणि साक्षीदार वृद्ध होऊन निघून जातात. त्याच्याकडे उरतो तो लेख. तेव्हा वर्षातून एकदा गावी जाणाऱ्याने ग्रामदैवताचे दर्शन घ्यावे, आणि त्याच फेरीत आपल्या जमिनीचा उताराही वाचून यावा. त्यात बहिणीचे नाव नसेल तर ते लावून घेणे हेही धर्मकार्यच आहे.

हीच गोष्ट मठाच्या कागदांस लागू. मठाची स्थावर, भक्तांनी दिलेल्या देणग्या, विश्वस्तांचे ठराव, ह्या सर्वांचे दप्तर ज्याच्या हाती असेल त्याने ते एकट्याने सांभाळू नये. एक प्रत एका ठिकाणी, दुसरी दुसऱ्या ठिकाणी असावी. हिशेब लिहिणारा आणि त्यावर सही करणारा भिन्न असावा. आणि वर्षातून एकदा तो सर्व मंडळींसमोर मोठ्याने वाचला जावा. अविश्वासाने हे करावयाचे नाही. जुन्या महजरावर शेवटी न्हाव्याच्या आरशाची आणि चांभाराच्या रापीची खूण घेत, ती पाटलावर अविश्वास म्हणून नव्हे. जो निर्णय झाला तो आपल्या सर्वांचा आहे, हे प्रत्येकाच्या हाताने सांगावयाचे असे म्हणून. मठाचे दप्तरही मठाच्या सर्व भक्तांचे आहे. वर्धापनाच्या ह्या मंगल प्रसंगी ते उघडले जावो, वाचले जावो, आणि पुढील पिढीच्या हाती अखंड जावो, एवढीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.